राख झाडल्यावरची थट्टा

लॅमेक शिमुन्झाला स्वतःच्या तोंडाची किळस होती. ऐकायला विचित्र वाटेल, पण एकोणतीस वर्षं दुभाष्याची नोकरी केली की कुणालाही तशी किळस वाटू लागेल. मुलुंगा गावच्या स्थानिक न्यायालयात तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभा राहायचा आणि जगभरची घाण आपल्या तोंडाने बाहेर काढायचा. नियमच तसा होता. चोर म्हणाला ‘मी चोरली’, की लॅमेकनेही म्हणायचं ‘मी चोरली’. ‘तो म्हणतो की त्याने चोरली’ असली पळवाट चालत नसे. त्यामुळे लॅमेकने आजवर बायकोचे दात पाडले होते, आंधळ्या बापाला उपाशी ठेवलं होतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं होतं. सगळं स्वच्छ उच्चारात आणि सगळं ‘मी’ म्हणून. एकाने तर सख्ख्या भावाच्या प्रेताच्या पायातले बूट काढून घेतले होते आणि वर ‘मापात बसले’ असं हसत सांगितलं होतं. ते हसणंसुद्धा लॅमेकने भाषांतरात आणावं, अशी त्या माणसाची अपेक्षा होती.

घरी आल्यावर लॅमेक मक्याच्या घट्ट न्शिमाचा पहिला घास तोंडात घालायला अर्धा तास लावायचा. बायको, माइलेस, वैतागायची.

“अहो, निवतंय! ताटाकडे काय बघत बसलाय?”

“दिवसभर लोकांचं उष्टं बोलून आलोय. त्याच तोंडात अन्न घालवत नाही.”

“मग उपाशी बसा. भेंडीची भाजी गार झाली की गोंद होते, मग म्हणाल बायकोनं बिघडवली.”

भाषा त्याला कुणी शिकवल्या नव्हत्या. बाप रेल्वेचे रूळ ठोकणारा, जमातीने लेंजे. रेल्वेच्या वसाहतीत चाळीस घरांना एक नळ होता, आणि त्या नळावर बेंबा, टोंगा, न्सेंगा, लोझी, सगळ्या जमातींच्या बायका बादल्यांवरून भांडायच्या. लॅमेकने रांगेत उभ्या उभ्या आधी सात भाषांतल्या शिव्या उचलल्या आणि उरलेली भाषा नंतर हळूहळू त्यांच्या मागे आली. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या लक्षात आलं होतं की या सात भाषा वेगळ्या नाहीतच, एकाच म्हातारीच्या सात नाती आहेत. बेंबात माणूस म्हणजे उमुंतु, टोंगात मुंतु, चेवात मुन्थु. अनेक झाले की अबांतु, बांतु, अन्थु. मांसाला कुणी न्यामा म्हणे, कुणी इनामा. तीनचा आकडा जवळपास सगळीकडे तातु. मरणाला फ्वा किंवा फा. इतकी भांडणारी माणसं, पण मरायला सगळ्यांना एकच शब्द पुरत होता.

पुढे एकदा एक गोरी विद्यार्थिनी ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आली. लॅमेकने तिला आठवडाभर बसून दोनशे शब्द सातही भाषांत सांगितले. जाताना तिने त्याला एक नकाशा दाखवला. पार वायव्येला, नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमेवर, एक ठिपका होता आणि तिथून लाल बाण निघाले होते.

“चार-पाच हजार वर्षांपूर्वी इथून निघाले तुमचे पूर्वज,” ती कौतुकाने म्हणाली. “कंद आणि मडकी घेऊन. नद्यांच्या कडेने मोठं जंगल ओलांडलं. मग ज्वारी, नाचणी, गुरं, लोखंड हाती आलं आणि थेट दक्षिणेच्या समुद्रापर्यंत पोचले. आज त्या एका बोलीच्या पाचशेच्या वर भाषा आहेत. बांतु भाषा म्हणतात त्यांना, म्हणजे माणसांच्या भाषा.”

“आणि या बाणांच्या वाटेवर आधी कोण राहत होतं?” लॅमेकने विचारलं.

“शिकारी लोक. काही तुमच्यात मिसळून गेले, काही बाजूला सरकले.”

“त्यांच्या भाषा?”

“बहुतेक गेल्या.”

“बाई, असे बाजूला सरकलेले माझ्या न्यायालयात रोज येतात,” लॅमेक म्हणाला. “आपणहून सरकलेला मी अजून एकही पाहिला नाही.”

मुलगी कसनुसं हसली आणि नकाशाची गुंडाळी केली. तेव्हापासून लॅमेकला त्या लाल बाणांचीही शिसारी बसली. इतके सुबक, इतके गुळगुळीत. त्यांच्याखाली कोण चिरडलं याची एक रेघही कुणी ओढली नव्हती.

आता त्याच्या सासूबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशी येऊन अडलं होतं. तिला सगळे बाना माइलेस म्हणत, म्हणजे माइलेसची आई. बेंबा बाई, उत्तरेकडची, ताठ कण्याची. आमचे राजे पश्चिमेच्या कोला देशातून नद्या ओलांडत आले, हे तिचं पालुपद. लेंजे लोकांविषयी ती म्हणायची, “ते काय, आम्ही आलो तेव्हा चिखलातच बसलेले होते.” बेंबांच्या रीतीप्रमाणे जावयाने सासूशी बोलायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, तिच्या कानावर पडेल असं वेडंवाकडं तर चुकूनही उच्चारायचं नाही. वाटेत ती दिसली की लॅमेक गवतात उतरून पाठ फिरवून उभा राहायचा. मग एक दिवस सासू जावयाला समारंभाने जेवू घालून घरात घेते आणि हा पडदा उठतो. बाकीच्यांचा पाच-सहा वर्षांत उठतो. लॅमेकचा सव्वीस वर्षं उठला नव्हता.

कारण म्हातारीने स्पष्ट सांगितलं होतं, अर्थात मुलीला. “ज्याच्या तोंडून दिवसभर खून आणि छिनाली बाहेर पडते, त्याला मी माझ्या हातचा घास घालू? शी!” लॅमेकला याचा राग यायचा आणि त्याहून वाईट म्हणजे ते पटायचं. अंगणात दोघं असली आणि काही सांगायचंच झालं, तर म्हातारी कोंबडीला सांगायची. “ए कोंबडे, कुणीतरी त्या माणसाला सांगा, शिडी आमच्या भिंतीला लावून ठेवलीय, पडेल कुणाच्या तरी डोक्यात.” लॅमेक मुकाट्याने शिडी हलवायचा.

त्या वर्षी मात्र म्हातारीची कंबर धरली आणि लॅमेकने चार महिने रोज पहाटे सायकलवरून तिचं पाणी आणून दिलं, एक शब्द न बोलता. म्हातारी विरघळली. जेवणासाठी शनिवार ठरला. माइलेसने भुईमूग कुटला, वाळवलेल्या सुरवंटांची पिशवी उत्तरेहून मागवली आणि नवऱ्याला बजावलं, “आईनं केलेले सुरवंट नाक न मुरडता खायचे हं. मी सव्वीस वर्षं या दिवसाची वाट बघितलीय.” एरवी सुरवंट दिसले की लॅमेक ताट सरकवायचा. पण या शनिवारी त्याने टोपलीभर खाल्ले असते.

आणि गुरुवारी बेस्नार्टचा खटला लागला.

बेस्नार्ट टोंगा होती, झांबेझीच्या खोऱ्यातली, शाळेचे गणवेश शिवून देणारी. तिचा नवरा रेल्वेत गवंडी होता. दोन खोल्यांचं घर बांधून वर बारा पत्रे चढवले आणि पावसाळ्याआधी तापाने गेला. नवऱ्याचा आतेभाऊ जॉस्टर मयताला आला तो गेलाच नाही. शिवणयंत्र नेलं, पलंग नेला, शेवटी छपराचे पत्रे उतरवून हातगाडीवर चढवले आणि घराला स्वतःचं कुलूप लावलं. बेस्नार्ट दोन मुलींना घेऊन बाना माइलेसच्या पडवीत येऊन राहिली. म्हातारीने काही विचारलं नाही, फक्त चटई टाकून दिली. म्हणून त्या दिवशी म्हातारी न्यायालयात आली होती आणि डोक्याला हिरवा रुमाल बांधून मागच्या बाकावर बसली होती. लॅमेकने तो रुमाल दारातूनच पाहिला आणि मान खाली घातली.

न्यायाधीश साकाला पूर्वेकडचे, जन्माने न्सेंगा. टोंगा त्यांना ओ की ठो कळत नसे. न्यायालयाचं काम बेंबात चाले, कारण गाव बेंबात चालत होतं.

जॉस्टर गुळगुळीत दाढी करून आला होता. “साहेब, मी मयताचा आतेभाऊ,” तो म्हणाला. “आमच्यात आतेभाऊ-मामेभाऊ म्हणजे थट्टेचं नातं. मयताच्या घरी आम्ही मेलेल्याची नक्कल करतो, रडणाऱ्यांना शिव्या घालतो, भांडीकुंडी पळवतो. लोक रडता रडता हसतात. ही काय चोरी झाली? हिनं मागितलंच नाही परत, त्याला मी काय करू?”

मागे दोघं-तिघं हसले. साकालांनाही रीत ठाऊक होती, त्यांच्याकडेही अशी नाती होती. लॅमेकला मात्र पुढचंही ठाऊक होतं. दुखवट्याची शेकोटी विझवून राख झाडली की थट्टेची मुभा संपते. त्यानंतर नेलेली वस्तू ही चोरीच. पण दुभाष्याला स्वतःचं मत नसतं.

साकाला बेस्नार्टकडे वळले. “बाई, पत्रे उतरवताना तो तुला काय म्हणाला? थट्टा होती की धमकी, ते त्याच्या शब्दांवरून ठरेल. थट्टा असेल तर घरी जाऊन आपसात मिटवा. धमकी असेल तर याला आत टाकतो आणि तुझं घर तुला. शब्दाला शब्द सांग.”

बेस्नार्टने कठडा धरला. ती इतकं हळू बोलली की शेजारी उभ्या लॅमेकशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. “तो म्हणाला, राख झाडून झाली, आता थट्टा संपली. पत्र्याखाली राहायचं असेल तर कमरेचं चितेंगे सोड आणि…” पुढे तिने तो शब्द उच्चारला. थट्टेतल्या शिव्या ठरलेल्या असतात, पिढ्यान्‌पिढ्यांच्या, त्या कुणाला लागत नाहीत. हा शब्द त्यांतला नव्हता. हा सौदा होता. मयतानंतर चौथ्या दिवशी, नवऱ्याच्या चुलीशेजारी, दाराला पाय लावून केलेला.

लॅमेकने तोंड उघडलं. मागच्या बाकावर हिरवा रुमाल होता. शनिवार दोन दिवसांवर होता. आणि त्याला हे सगळं ‘मी’ म्हणून बोलायचं होतं, पुरुषाने बाईला म्हटलेलं, सासूच्या देखत.

“त्याने मला…” लॅमेक म्हणाला, “त्याने मला थट्टेतल्या शिव्या दिल्या. सांगण्यासारख्या नाहीत.”

साकालांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

बेस्नार्टला बाजारापुरती बेंबा येत होती. ‘थट्टा’ आणि ‘शिव्या’ एवढं तिला कळलं. तिने लॅमेककडे पाहिलं. पायाला काहीतरी चिकटावं तसं तिने त्याच्यापासून एक पाऊल बाजूला घेतलं.

“चहा घेऊ या,” साकाला म्हणाले. “मग निकाल देतो. मला तर थट्टाच दिसतेय.”

बाहेर आंब्याच्या झाडाखाली जॉस्टर भाजलेलं कणीस खात होता. लॅमेक दिसताच त्याने कणसाचे दोन तुकडे केले आणि दाताने कुरतडलेला त्याच्यापुढे धरला. “घ्या काका. वा! रीत कळते तुम्हाला. नाहीतर हल्लीचे दुभाषे, बाई बोलली की लागलीच आगीत तेल.” त्याच्या ओठांवर कणसाचं पांढरं पीठ चिकटलं होतं. जाताना त्याने लॅमेकच्या पाठीवर थाप मारली, ओळखीचा असल्यासारखी.

लॅमेकला ओकारी आली. एकोणतीस वर्षं त्याला दुसऱ्यांच्या शब्दांची किळस येत होती, आणि आज पहिल्यांदा त्याने स्वतःचे शब्द बोलून दाखवले होते. ते या सगळ्यांहून घाण निघाले. चोरांचे, खुन्यांचे शब्द त्याने इमानाने पोचवले होते. एका विधवेचे तेवढे गिळले, कशासाठी, तर जेवणाच्या निमंत्रणासाठी.

माइलेस डबा घेऊन आली. “आई आत बसलीय, माहितीय ना? सांभाळून बोला हं. आज सकाळीच तिनं शनिवारसाठी दोन कोंबड्या वेगळ्या बांधल्यात.”

“माइलेस, मला आत एक घाणेरडी गोष्ट बोलायचीय. मघाशी गिळली ती.”

“रोजच बोलता.”

“आईच्या देखत.”

माइलेसचा चेहरा उतरला. “न्सेंगात सांगा ना साहेबांना! त्यांची मातृभाषा आहे, आईला कळायची नाही.”

लॅमेकच्या मनात तेच आलं होतं. त्याने तो शब्द मनात न्सेंगात म्हणून पाहिला, मग लेंजेत, मग लोझीत. सगळीकडे तोच. एखाद्या अक्षराचा फरक, बस. पूर्वज चार हजार वर्षं चालले, जंगलात वाटा हरवल्या, नद्यांत माणसं बुडाली, देवांची नावं बदलली, झाडांची बदलली. हा एक शब्द मात्र त्यांनी तान्ह्या पोरासारखा जपून आणला. या मुलुखात अशी एकही भाषा नव्हती जिच्याआड लॅमेकला लपता आलं असतं.

“कळेल,” तो म्हणाला. “हा शब्द सगळ्यांना कळतो.”

“मग नका बोलू! आधी एकदा गप्प बसलात ना, तसंच बसा. अहो, ती पुन्हा दार उघडायची नाही. म्हातारी आहे, आणखी किती वर्षं राहणार? मी माझ्या आईच्या घरी नवऱ्यासोबत एकदा तरी जेवायचं की नाही?”

लॅमेकने डबा न उघडताच तिच्या हातात परत दिला आणि तो आत गेला.

साकाला निकालाचा कागद पुढे ओढत होते.

“साहेब, मघाशी मी चुकीचं सांगितलं,” लॅमेक म्हणाला.

“काय?”

“बाई जे बोलली ते मी बोललो नाही. दुसरंच बोललो.”

साकालांनी चष्मा काढला. “शिमुन्झा, डोकं ठिकाणावर आहे का? हे कागदावर आलं तर नोकरी जाईल तुमची.”

“येऊ द्या कागदावर.”

जॉस्टर उठून उभा राहिला. “साहेब, हे काय चाललंय? याला बाईनं काहीतरी चारलंय!”

“तू खाली बस,” साकाला म्हणाले. “बोला, शिमुन्झा. शब्दाला शब्द.”

लॅमेकने नजर जमिनीवर ठेवली. “तो मला म्हणाला, राख झाडून झाली. आता थट्टा संपली. पत्र्याखाली राहायचं असेल तर…” त्याचा आवाज खाली खाली जात शेवटी नुसती पुटपुट उरली. साकाला पुढे वाकले. जॉस्टर मोठ्याने हसला आणि म्हणाला, “बघा, त्यालाही लाज वाटतेय खोटं बोलायची!”

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी काठी टेकत उभं राहत होतं. लॅमेकने डोळे मिटले. म्हातारी चालली, असं त्याला वाटलं.

“जावईबापू,” बाना माइलेस म्हणाली. या वेळी मध्ये कोंबडी नव्हती. “मोठ्यानं बोला. इथं मागं ऐकू येत नाही.”

लॅमेकने मान वर केली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सासूच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा आवाजात सगळं वाक्य पुन्हा म्हटलं, त्या शब्दासकट. साकाला लिहून घेत होते.